पावतीवाला

पडद्यावर पावतीवाला आला आणि आगाशे मॅडम मनापासून हसल्या.

तो होताच तसा. खाकी सदरा, काखेत चामड्याची पिशवी, कानावर पेन्सिल, पानाने लाल झालेले ओठ आणि बघणाऱ्याच्या छातीवर रोखलेलं बोट. पायाशी अक्षरं होती, 'जागा न्हाई. उठा.'

"किती जिवंत चेहरा आहे हो!" मॅडम म्हणाल्या. "खेळाची सुरुवात अशी होते का?"

सर्जाने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "इद्या, ह्यो कशाला आला रं?"

खेळाची सुरुवात अशी होत नव्हती. खेळ कॉम्प्युटरवर चढवताना डिस्कवर जागा कमी पडली, तरच हा माणूस यायचा. म्हणजे खेळ चढलाच नव्हता. मी सीडी काढली, फुंकर मारली, सदऱ्याला पुसली आणि पुन्हा घातली. सीडी फुंकरीने सुधारते अशी तेव्हा आमची श्रद्धा होती. पावतीवाला पुन्हा आला.

ही दोन हजार एक सालची गोष्ट. पुण्यात शाळांसाठी सीडी काढणाऱ्या एका छोट्या कंपनीचं ऑफिस, सकाळचे अकरा. मी विद्याधर हिरेमठ, कोल्हापूरकडच्या एका बाजारगावातला, मास्तरांचा मुलगा, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून घरी बसलेला. सर्जेराव कुंभार माझ्याच गावचा, माझ्याच वर्गातला. त्याची शाळा दहावीला सुटली आणि तो भावाच्या वीटभट्टीवर गेला. हात मात्र असा, की त्याने देवळाच्या भिंतीवर कोळशाने म्हैस काढली तेव्हा गवळी विचारत आला होता, ही कुणाची म्हणून.

दोन वर्षं खपून आम्ही तो खेळ केला होता. मंगळवारच्या बाजारात एका पोराची शेळी सुटते आणि ती खेळणाऱ्याने शोधायची. बाजारात दुकानं चाळीस. प्रत्येक दुकानापाशी थांबायचं, माणसाला विचारायचं, मग तो काहीतरी खूण सांगणार. चाळीसही दुकानं सर्जाने कागदावर रंगवली आणि फोटोवाल्याच्या हातापाया पडून त्याच्या स्कॅनरवरून आम्ही ती कॉम्प्युटरवर घेतली. त्यातला एकही माणूस मनाने रचलेला नव्हता. कासार आमचाच कासार होता. कात्रीला धार लावणारा तोच, एक डोळा बारीक करून पातं बघणारा. आणि वडाखाली गाडगी-मडकी मांडून सर्जाची आई, शेवंताकाकू. तिच्याजवळ गेलं की ती बोटाच्या पेराने मडकं वाजवून दाखवायची. तो आवाज खरा होता; काकूंनी स्वतः वाजवलेला आम्ही टेप केला होता. शेळी सापडायची ती बहुतेक वेळा तिच्याच मडक्यांमागे. तसं ठेवायला मला सर्जानेच लावलं होतं.

पावतीवालाही खराच. बाजाराच्या दिवशी पंचायतीची पावती फाडायला तो यायचा, आणि कुणी कुठे बसायचं हेही तोच ठरवायचा. मोठा दुकानदार आला की गरिबाला उठवायचा. शेवंताकाकूंना त्याने कितीदा उठवलं याला गणती नाही. मडकी उचलून दुसरीकडे नेणं म्हणजे दोन-चार फुटणारच. म्हणून मी जेव्हा सर्जाला म्हणालो, डिस्कवर जागा नसली तर सांगायला एखादं चित्र लागेल, तेव्हा त्याला विचार करावा लागलाच नाही. दहा मिनिटांत पावतीवाला तयार.

"मॅडम, एक मिनिट," मी म्हणालो. "डिस्कवर जागा कमी पडतेय."

"अहो, मशीन कालच आलंय. वीस जीबीचं आहे. शाळांना हीच मशीनं जाणार आहेत, म्हणून तर मुद्दाम यावर बघायचं."

घाबरला की माणूस कळलेलं सांगत नाही, सुचलेलं सांगतो. मी म्हणालो, "डिस्क मोठी दिसते, पण आत वाटणी केलेली असते. खेळाच्या वाट्याला थोडीच जागा येते. आणि आमची चित्रं जरा जड आहेत."

"मग हलकी करा," मॅडम म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या. सरळ होत्या, आणि घाईत होत्या. "चारपर्यंत वेळ आहे. पाचला संस्थेचे लोक येतायत. आणि एक स्पष्ट सांगते. चित्रं जड असतील तर ते मी समजू शकते, ती कमी करता येतात. पण प्रोग्रॅममध्येच चूक असेल तर तो मी शाळांमध्ये पाठवणार नाही. दोनशे शाळांचे फोन मी घेत बसू का?"

त्या गेल्या. सर्जाचा चेहरा उतरला होता. त्याचं कारण मला माहीत होतं. निघताना त्याच्या थोरल्या भावाने, तात्यांनी, एस.टी. स्टँडवर सगळ्यांदेखत त्याला बजावलं होतं, "ही शेवटची बारी. पुण्यात जमलं तर जमलं, न्हाईतर रंगाचा डबा गटारीत वतायचा आनि मुकाट भट्टीवर यायचं." सर्जाने आईच्या पायाची शपथ घेऊन ते कबूल केलं होतं.

"किती काढायची?" त्याने विचारलं.

"सोळा काढू. चोवीस ठेवू."

ऑफिसातलं एक जुनं मशीन आम्हाला दिलं होतं, त्याला सीडी लिहायची सोय होती. सर्जा खुर्चीत पुढे सरकून बसला. आधी रिकामी पालं गेली, मग एकासारखी एक दिसणारी भाजीची दुकानं. पुढे हात अडखळायला लागला. "दोरवाला जाऊ दे. मेला त्यो गेल्या साली," तो म्हणाला आणि लगेच, "मेला म्हणून तर ठेवायला पायजे हुता न्हवं?" तरी त्याने काढला. मीही त्याला अडवलं नाही, कारण तोवर मला खरंच वाटत होतं की चित्रं जड आहेत.

चोवीस दुकानांची सीडी घेऊन आम्ही नव्या मशीनपाशी गेलो. पावतीवाला आला. तेच बोट.

सोळा दुकानं उठवली तरी या बाबाचं समाधान होत नव्हतं. मग मी ते केलं, जे खरं तर सकाळी अकरालाच करायला हवं होतं. डिस्कवर मोकळी जागा किती आहे ते उघडून पाहिलं.

अठरा पूर्णांक चार जीबी.

वाटणी नाही, काही नाही. सगळी डिस्क उघड्या माळासारखी मोकळी. आमचा आख्खा बाजार, चाळीस दुकानांचा, चारशे एमबीचा.

मी खिशातला कागद काढला आणि आकडे मांडले. दुसऱ्याच मिनिटाला चूक सापडली. चूक माझी होती. मोकळी जागा मोजून ठेवायला प्रोग्रॅममध्ये मी जो रकाना ठेवला होता, त्यात दोन जीबीपर्यंतचाच आकडा मावत होता. त्यापुढे गेला की आकडा उलटा होऊन वजा व्हायचा. चारच्या पुढे पुन्हा अधिक, सहाच्या पुढे पुन्हा वजा, असा तो फिरत राहायचा. अठरा ते वीसच्या मध्ये तो वजा होता. म्हणजे जागा भरपूर होती आणि माझा प्रोग्रॅम सांगत होता, शून्यापेक्षाही कमी आहे. चाळीसच्या जागी एक दुकान ठेवलं असतं तरी तो हेच म्हणाला असता.

घरी हे कधी दिसलं नव्हतं, कारण माझ्या घरच्या मशीनची डिस्कच दोन जीबीची, तीही ओसंडून भरलेली. ज्यांनी आयुष्यात ऐसपैस जागा पाहिली नाही, त्यांना ती मोजायची वेळ येईल हे सुचावं कसं? असं मी नंतर स्वतःला बरेचदा सांगितलं आहे. ऐकायला बरं वाटतं.

उपायही कागदावरच दिसत होता. प्रोग्रॅम दुरुस्त करायचा तर त्याची मूळ प्रत गावी माझ्या मशीनवर. पण नव्या डिस्कवर सहाशे एमबी कसलाही कचरा भरला असता तर मोकळी जागा अठराच्या खाली आली असती, आकडा अधिक झाला असता आणि खेळ गुमान चढला असता. चाळीसच्या चाळीस दुकानांनिशी.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मॅडम आत आल्या.

"काय म्हणतंय? चित्रंच ना? की प्रोग्रॅम?"

"चित्रंच, मॅडम," मी म्हणालो.

सर्जा माझ्या शब्दावर उठून पुन्हा जुन्या मशीनपाशी बसला. मीही त्याच्या शेजारी बसलो. मॅडम मागे उभ्या राहिल्या; दहाच ठेवा, म्हणाल्या. चोवीसातून आता चौदा काढायची होती, आणि मला ठाऊक होतं की एकही काढायची गरज नाही. कासार गेला. धारवाला गेला. चिरमुरेवाली गेली, तिच्या मांडीवरच्या पोरासकट. प्रत्येक वेळी सर्जा माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायचो आणि तो बटण दाबायचा.

शेवटी अकरा उरली. वडाखालचं दुकान आलं तसा त्याने हात मागे घेतला.

"आईचं ऱ्हाऊ दे की, इद्या."

मी पडद्याकडे बघत राहिलो.

"तिला सांगून आलोय. साऱ्या आळीत सांगत सुटलीया ती, मी खेळात हाय म्हणून. एवढं एक ऱ्हाऊ दे."

"दहाच ठेवायचं ठरलं ना?" मागून मॅडम म्हणाल्या. "एका चित्राने पुन्हा अडायला नको. पावणेतीन वाजले."

सर्जाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मॅडमकडे नाही, माझ्याकडे. त्या क्षणी मी एवढंच म्हणायचं होतं की, राहू दे, अडत नाही. पुढचा प्रश्न आला असता, मग अडतंय कशाने? आणि त्या प्रश्नाचं उत्तर मी होतो.

"काढ," मी म्हणालो.

त्याने काढलं. मग जरा वेळाने विचारलं, "शेळी कुठं ठेवायची आता?"

"पानवाल्याच्या मागे ठेवू."

सीडी लिहायला वीस मिनिटं लागणार होती. मॅडम फोनवर गेल्या. मी सर्जाला म्हणालो, "जा, खाली जाऊन चहा पिऊन ये. सकाळपासून पोटात काही नाही." त्याला ते प्रेमच वाटलं असणार. तो गेला तसा मी मॅडमच्या कपाटावरची त्यांच्याच कंपनीची एक सीडी उचलली. महाराष्ट्रातील पक्षी, नावसुद्धा लक्षात आहे. नव्या मशीनमध्ये घातली आणि सगळीच्या सगळी डिस्कवर उतरवून घेतली. सहाशे चाळीस एमबी पक्षी. मोकळी जागा अठराच्या खाली आली. हे मी अगदी शांतपणे केलं, ही गोष्ट मला आजही खटकते.

सर्जा परत आला तो थेट जुन्या मशीनकडे. तयार झालेली सीडी त्याने दोन बोटांत धरली, नव्या मशीनचं बटण दाबलं, तर आतून पक्ष्यांची सीडी बाहेर आली. ती त्याने अलगद उचलून टेबलावर ठेवली. काही विचारलं नाही. आमची सीडी आत सरकवली आणि डोळे मिटले.

पावतीवाला आला नाही. वेशीवरची कमान आली, आणि आत बाजार.

"चढला!" सर्जा ओरडला. त्याने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी कळवळलो. "म्हंजे चित्रंच जड हुती, मर्दा! तू म्हणालास त्येच खरं!"

मॅडम खुर्ची ओढून बसल्या आणि खेळायला लागल्या. दहा दुकानं. त्यांच्यामध्ये लांबच लांब मोकळी धूळ. पाच मिनिटांत शेळी सापडली.

"कल्पना छान आहे," त्या म्हणाल्या. "प्रोग्रॅमही सुटसुटीत. अडचण आली आणि तुम्ही वेळेत सोडवलीत, ते मला आवडलं. पण चित्रांचं... बाजार ओसाड वाटतो हो. एखाद्या बंदच्या दिवशी काढल्यासारखा."

"मूळ सीडीत समदं हाय, मॅडम," सर्जा घाईने म्हणाला. त्याने पिशवीतून ती सीडी काढलीही. "चाळीस दुकानं हाइत. गर्दी हाय. ही लावून बघा की."

"पण ती बसत नाही ना?" मॅडमनी विचारलं ते मला.

आता ती बसत होती. पक्षी डिस्कवर होते. सर्जाच्या हातातली सीडी तशीच घातली असती तर दोन मिनिटांत आख्खा बाजार भरला असता, कासार, धारवाला, वडाखाली शेवंताकाकू. आणि मॅडमनी विचारलं असतं, मग सकाळी का नाही बसली?

"नाही बसत," मी म्हणालो.

सर्जाने सीडी पिशवीत ठेवली.

मॅडमनी मला पहिल्या तारखेपासून यायला सांगितलं. चित्रांसाठी त्यांच्याकडे माणसं होती. मोकळ्या जागा ते हलक्या चित्रांनी भरतील, म्हणाल्या. सर्जाला त्यांनी दहा चित्रांबद्दल मनापासून धन्यवाद दिले. स्वारगेटला गाडी लागली तेव्हा तो खिडकीतून म्हणाला, "वाईट वाटून घिऊ नगंस. तुझं तरी झालं. माझा हातच जड, त्याला तू काय करणार?" गाडी निघाली. मी हात हलवला. दुसऱ्या दिवशीपासून तो भट्टीवर जायला लागला, असं मला मागाहून वडिलांच्या पत्रातून कळलं.

मी त्या कंपनीत राहिलो, मोठा झालो, दुसरीकडे गेलो, आणखी मोठा झालो. प्रोग्रॅममधली ती चूक मी पहिल्याच आठवड्यात गुपचूप दुरुस्त केली. गावी गेलो की सर्जा भेटायचा, विटांच्या धुळीने लाल झालेला. आम्ही चहा प्यायचो. खेळाचं त्याने कधी काढलं नाही आणि मीही नाही.

मागच्या दिवाळीत अनोळखी नंबरवरून फोन आला.

"काका, मी तनुजा. सर्जेराव कुंभारांची मुलगी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे." आवाजात नुसता उत्साह. "काका, ट्रंकेत तुमच्या खेळाची जुनी सीडी सापडली! मैत्रिणीकडून सीडीचा ड्राइव्ह आणला आणि लावली, तर तो पावतीवालाच येत होता. मग मी नेटवर शोधलं. जुन्या खेळांचं असं होतं म्हणे, डिस्क खूप मोकळी असली की त्यांना ती मोजताच येत नाही. कसल्याही फायली कोंबून डिस्क भरायची, की चालतात. मी भरली आणि चालला! पप्पा एवढी वर्षं सांगतात, माझी चित्रं जड होती म्हणून. जड नव्हतीच, काका!"

मी "अरे वा" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"थांबा, पप्पांना देते."

"इद्या." आवाज तोच, जरा बसलेला.

"बोल, सर्जा."

"पोरगी म्हणत्या, त्या मशीनवर जागा लई हुती."

"होती."

"लई म्हंजे किती?"

खोटं सांगता आलं असतं. "आपल्यासारखे पंचेचाळीस बाजार बसले असते," मी म्हणालो.

त्याने तो आकडा पुन्हा एकदा उच्चारला. मग म्हणाला, "पुढच्या साली आपल्या शाळंत तुमची सीडी आली. आईला घिऊन गेलो बघायला. चार बायका संगं. बघतोय तर वडाखाली आईस्क्रीमची गाडी. म्हणलं, थांब आई, माझ्याजवळ मूळ सीडी हाय. ती घातली, तर ह्यो आला, बोट करून. आई बघत ऱ्हायली. म्हणाली, 'मला हितंबी उठवलं व्हय रं?' बायका हसल्या. ती बी हसली. फुडं दोन वरसानं गेली."

"सर्जा..."

"तुला कवा कळलं ह्ये?"

"आत्ताच," मी म्हणालो. "तनुजाने सांगितलं तेव्हा."

पलीकडे तनुजा कुणाला तरी लॅपटॉप दाखवत होती.

"ती पक्ष्यांची सीडी मशीनमदनं म्याच काढली हुती, इद्या," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "तवा वाटलं, असंल काय तरी कॉम्प्युटरचं."

पलीकडून, लॅपटॉपवरून, टण् असा आवाज आला. भाजलेल्या मडक्यावर बोटाचं पेर. थांबून पुन्हा एकदा, टण्.

"आईक," सर्जा म्हणाला. "आई हाय ती. बसलीया जाग्यावर."

त्याने फोन बंद केला नाही. मडकं वाजत राहिलं. मी दोन-तीनदा ऐकलं आणि शेवटी मीच फोन ठेवला.